मृत्युपत्र करण्यापूर्वी आणि करताना: वारसाहक्क, मृत्युपत्र व न्यास यांची व्यवहारी ओळख

खरेदीखतात एखादे वाक्य संदिग्ध राहिले, तर विकणाऱ्याला बोलावून विचारता येते. भाडेकरारावरून वाद झाला, तर दोन्ही पक्ष न्यायालयात उभे राहून आपापली बाजू सांगतात. मृत्युपत्राचा अर्थ लावण्याची वेळ मात्र ते करणारी व्यक्ती गेल्यावरच येते. तिला काय म्हणायचे होते, सही तिचीच आहे काय, सही करताना ती शुद्धीवर होती काय, हे तिला विचारण्याची सोय उरत नाही. कायद्याने मृत्युपत्राभोवती घातलेली बहुतेक बंधने या एका अडचणीतून आलेली आहेत. एवढे ध्यानात घेतले की दोन साक्षीदार का लागतात आणि नंतर केलेली खाडाखोड का चालत नाही, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

पुष्कळ लोक थेट कागद घेऊन लिहायला बसतात. माझ्या मते लिहिणे हे या कामातले शेवटचे पाऊल आहे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असली पाहिजेत: देण्याजोगे आपले नेमके काय आहे, आणि आपण काहीच लिहिले नाही तर कायदा ते कोणाला देईल. पुढील विवेचन भारतातील कायद्याला, आणि त्यातही महाराष्ट्रातील व्यवहाराला धरून आहे.

आपले नेमके काय आहे?

जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. हे उघड वाटते, पण घराघरांतली भांडणे इथूनच सुरू होतात. म्हणून पहिले काम यादीचे. प्रत्येक मिळकतीपुढे ती कशी आली हे लिहावे: स्वतःच्या कमाईतून घेतली, बक्षीसपत्राने मिळाली, आईवडिलांकडून वारशाने आली की एकत्र कुटुंबाची आहे. शेतजमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार काढावेत. गावठाणातल्या किंवा शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका, आणि सदनिकेसाठी करार व सोसायटीचे भागपत्र पाहावे. केवळ सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क बुडतही नाही. महसुली नोंद ही प्रामुख्याने सरकारी देणे कोणाकडून घ्यायचे यासाठी असते.

स्वकष्टार्जित मिळकत हिंदू व्यक्ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. मुलांना अमुक इतका हिस्सा ठेवलाच पाहिजे, असे बंधन हिंदू कायद्यात नाही. मात्र हयातीत जे तिच्यावर अवलंबून होते त्यांचा पोटगीचा हक्क हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार मागे उरलेल्या मालमत्तेवर राहू शकतो. पत्नीला किंवा अपंग मुलाला पूर्णपणे डावलणाऱ्याने हे विसरू नये.

वडिलोपार्जित या शब्दाबद्दल मोठा गैरसमज आहे. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित आणि म्हणून तिच्यात नातवाचा जन्मतः हिस्सा, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ साली आला. त्यानंतर आजोबा मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांची स्वतःची मिळकत त्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वडिलांकडे आली, तर ती वडिलांच्या हातात त्यांची स्वतंत्र मिळकत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून सांगितले आहे. तिच्यात वडील हयात असताना नातवाचा हिस्सा नसतो. याउलट मिळकत खरोखरच एकत्र कुटुंबाची असेल, तर वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, संपूर्ण मिळकत देता येत नाही.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी आता मुलाइतकीच जन्मतः हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने काही अटींसह ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून ती देशभर लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, हा वाद पंधरा वर्षे चालला आणि तसे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र यामुळे उघडल्या जात नाहीत.

मृत्युपत्र केलेच नाही तर

मृत्युपत्र नसले तरी मिळकत बेवारस होत नाही. कायदाच एक वाटणी करून ठेवतो. ती आपल्या मनासारखी असेल, तर मृत्युपत्राची घाई नाही. ती मनासारखी आहे की नाही हे मात्र माहीत असले पाहिजे.

हिंदू, बौद्ध, जैन व शीख पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पहिल्या वर्गातील वारस एकाच वेळी आणि समान हिश्शाने घेतात. त्यात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई येतात, तसेच आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची शाखा येते. ती संपूर्ण शाखा मिळून एकच हिस्सा घेते. मागे आई, पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील तर पाच समान हिस्से होतील. वडील हयात असले तरी त्यांना काहीही मिळणार नाही, कारण ते दुसऱ्या वर्गात येतात. वृद्ध वडिलांचा सांभाळ करणाऱ्या माणसाने केवळ या एका कारणासाठी मृत्युपत्र करावे, असे मला वाटते.

मिळकत एकत्र कुटुंबाची असेल तर हिशेब दोन पायऱ्यांनी होतो. समजा, कुटुंबात पती, पत्नी, मुलगा व मुलगी एवढेच आहेत आणि पती वारला. मृत्यूच्या क्षणाच्या लगेच आधी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो. त्या काल्पनिक वाटणीत चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळते. मग मृताचा तो चतुर्थांश पत्नी, मुलगा व मुलगी यांच्यात सारखा विभागला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला एक चतुर्थांश अधिक एक द्वादशांश, म्हणजे एकूण एक तृतीयांश येते. मृत्युपत्र केले असते, तर या पतीला केवळ आपला चतुर्थांश इच्छेप्रमाणे देता आला असता.

हिंदू स्त्रीच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे आणि तो अनेकांना, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांना, ठाऊक नसतो. तिची मिळकत प्रथम मुले व पती यांना जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांना जाते, आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रमांक त्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण तिने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घराला हा अपवाद लागू नाही. अपत्यहीन विधवेने स्वकमाईने घेतलेले घर तिच्या वृद्ध आईला न मिळता दिराला मिळू शकते. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. तो बदलेपर्यंत त्यावरचा उपाय तिच्याच हातात आहे, आणि तो म्हणजे मृत्युपत्र.

अन्य धर्मीयांचे नियम थोडक्यात सांगतो. मुस्लिम कायद्यात वारसांचे हिस्से ठरलेले आहेत: मुले असतील तर पत्नीला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश, आणि मुलीला मुलाच्या निम्मे. अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने देता येत नाही. सुन्नी कायद्यात तर एका वारसाला मृत्युपत्राने काही द्यायचे असेल, तरी इतरांची संमती लागते. ख्रिस्ती व्यक्तीच्या मागे जोडीदार व मुले असतील, तर जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. पारशी कायद्यात जोडीदार व मुले समान हिस्से घेतात, आणि मृताचे आईवडील हयात असतील तर प्रत्येकाला मुलाच्या हिश्शाच्या निम्मे मिळते. गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेला कायदा आहे. तिथे मालमत्तेचा निम्मा भाग ठरावीक वारसांसाठी राखीव असतो आणि उरलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते. कोकणातल्या ज्या कुटुंबांची गोव्यात मिळकत आहे, त्यांनी तिचा विचार स्वतंत्रपणे करावा.

मृत्युपत्र कसे करावे

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा येथील मुख्य कायदा आहे. सज्ञान आणि शुद्ध मनाची कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. आजारपण, वार्धक्य, अंधत्व किंवा निरक्षरता यांनी हा अधिकार जात नाही. आपण काय करत आहोत हे तिला कळत असले म्हणजे पुरे. मुद्रांक कागद लागत नाही. साध्या कागदावर, कोणत्याही भाषेत, हाताने किंवा टंकलिखित केलेले मृत्युपत्र चालते. कायद्याची ठरावीक शब्दावलीही लागत नाही, इच्छा स्पष्ट समजली पाहिजे एवढेच पुरते. आपल्याला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेत लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ज्या भाषेतला कागद कर्त्याला वाचताच येत नव्हता, त्याच्याबद्दल पुढे पहिली शंका तीच घेतली जाते.

सुरुवातीला पूर्ण नाव, वय, पत्ता, आणि पूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द केल्याचे वाक्य लिहावे. कुटुंबातील सर्व जवळच्या नातलगांची नावे लिहावीत, ज्यांना काही द्यायचे नाही त्यांचीसुद्धा. एखाद्या मुलाचे नावच आले नाही, तर वडिलांना विस्मरण झाले होते असे म्हणायला जागा उरते. नाव लिहून, त्याला का देत नाही याचे कारण एका शांत वाक्यात दिले, तर ती जागा बंद होते. त्या वाक्यात राग नसावा. 'मोठ्या मुलाच्या शिक्षणासाठी व घरासाठी मी हयातीत पुरेशी रक्कम दिली आहे' एवढे पुरेसे असते. आरोप केले की ते खोडून काढण्यासाठीच पुढे दावे होतात.

मिळकतीचे वर्णन गट क्रमांक, क्षेत्र, सदनिका क्रमांक आणि इमारतीचे नाव यांसह, संशय उरणार नाही असे करावे. तरी मृत्युपत्र हे मृत्यूच्या दिवशीच्या मालमत्तेला लागू होते, आणि दरम्यान वर्षे जातात. मुलीला दिलेली सदनिका तुम्ही पुढे विकली, तर ती देणगी संपुष्टात येते आणि विक्रीची रक्कम तिला आपोआप मिळत नाही. ज्याला दिले तोच आधी वारला, तर सामान्यतः ती देणगी गळून पडते. मात्र तो तुमचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्याच्या मागे संतती तुमच्या मृत्यूच्या वेळी हयात असेल, तर ती टिकते. म्हणून प्रत्येक नावापुढे 'ती व्यक्ती माझ्याआधी वारल्यास अमुक यांना' असा पर्याय लिहावा. शेवटी एक सर्वसमावेशक कलम हवेच: वर न नमूद केलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला जाईल. हे वाक्य विसरल्यामुळे, चांगले मृत्युपत्र करूनही उरलेल्या भागाची वाटणी मृत्युपत्र नसल्यासारखी होते.

आता सह्यांविषयी. येथे घाई अजिबात करू नये. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली असली पाहिजे, किंवा ही सही माझी आहे असे कर्त्याच्या तोंडून ऐकलेले असले पाहिजे, आणि प्रत्येक साक्षीदाराने कर्त्याच्या समक्ष स्वतःची सही केली पाहिजे. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची सक्ती कायद्यात नाही. व्यवहारात मात्र तिघांनी एका खोलीत, एकाच बैठकीत सह्या कराव्यात, हेच शहाणपणाचे. मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवण्याची गरज नसते, ते फक्त सहीचे साक्षीदार असतात.

साक्षीदार कसा निवडावा? वयाने आपल्यापेक्षा लहान, पुढेही सापडेल असा, आणि मृत्युपत्रात ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या जोडीदाराला काहीही मिळत नाही असा. ख्रिस्ती व पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द ठरते. हिंदूंना तो नियम लागू नसला तरी लाभार्थी साक्षीदार असला की संशय येतोच. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करताना, साक्षीदार उपलब्ध असल्यास किमान एकाची साक्ष व्हावी लागते, आणि नोंदणी केली म्हणून ही अट सुटत नाही. शक्य असेल तर एक साक्षीदार नेहमीचे डॉक्टर असावेत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या किंवा आजारी व्यक्तीने त्याच दिवशीचे प्रमाणपत्र जोडावे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मधील एका निवाड्यात घालून दिलेले तत्त्व आजही पाळले जाते: मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. थरथरती सही, कारण न देता डावललेले जवळचे वारस, आणि ज्याला मोठा वाटा मिळाला त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात घेतलेला पुढाकार, ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. म्हणून जो मुलगा प्रेमाने धावपळ करतो त्याला मी एकच सांगेन: वडिलांच्या सहीच्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका. वकील तुम्ही निवडला असेल तर वडिलांना त्याच्याशी एकटे बोलू द्या. तुमच्या सद्हेतूबद्दल शंका नाही, पण पुढे तो सिद्ध करताना वडील मदतीला नसतील.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे आणि मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी न केलेले मृत्युपत्रही पूर्ण वैध असते, आणि आधी केलेले नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरील वैध मृत्युपत्राने रद्द होते. तरीही मी नोंदणीच्या बाजूने आहे, कारण कागद हरवला किंवा कोणी दडवला तरी त्याची प्रत सरकारी दप्तरात राहते. ज्यांना मजकूर गुप्त ठेवायचा आहे, त्यांना मोहोरबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे जमा करता येते. ही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे आणि फार थोडे लोक तिचा लाभ घेतात.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. पण मूळ कागदावर नंतर केलेली खाडाखोड, तिच्याजवळ पुन्हा कर्त्याची व दोन साक्षीदारांची सही नसेल तर निरर्थक असते. लहान बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करावे, मोठ्या बदलासाठी संपूर्ण नवे. ख्रिस्ती व पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र विवाहानंतर आपोआप रद्द होते. हिंदूंचे होत नाही, त्यामुळे विवाहापूर्वी आईवडिलांच्या नावे केलेले मृत्युपत्र संसार थाटल्यावरही तसेच उभे राहते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत नॉमिनी केला आहे, मग मृत्युपत्र कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. नामनिर्देशनामुळे बँकेला किंवा कंपनीला पैसे कोणाच्या हाती द्यावेत हे कळते. ते पैसे अखेर कोणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याबाबत आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या समभागांबाबत हेच सांगितले. विम्यात २०१५ पासून अपवाद आहे: नॉमिनी आईवडील, जोडीदार किंवा मुले असतील तर रक्कम त्यांचीच होते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण त्यांची भूमिका बदललेली नाही. म्हणून मृत्युपत्रातील नावे आणि नॉमिनींची नावे शक्यतो एकच ठेवावीत. दोन्हींत तफावत असली की पैसे एकाच्या हातात, हक्क दुसऱ्याचा, आणि मध्ये दावा.

व्यवस्थापक आणि प्रोबेट

मृत्युपत्रातील इच्छा अमलात आणणाऱ्या व्यक्तीला व्यवस्थापक, किंवा सर्रास बोलीत एक्झिक्युटर म्हणतात. मालमत्ता गोळा करणे, अंत्यविधीचा खर्च व कर्जे फेडणे आणि मग वाटप करणे हा त्याच्या कामाचा क्रम. कर्ज आधी, देणग्या नंतर. मृताचे कर्ज वारसांना स्वतःच्या खिशातून फेडावे लागत नाही, मात्र वारशाने जे आले त्याच्या मर्यादेपर्यंत ते द्यावे लागते. व्यवस्थापक लाभार्थीही असू शकतो. हिशेबात काटेकोर आणि चारचौघांत मान असलेली व्यक्ती निवडावी, तिला आधी विचारावे, आणि पर्यायी नावही लिहावे.

प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरे आहे यावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मिळकतीच्या मृत्युपत्रासाठी हिंदू व पारशी कुटुंबांना प्रोबेट दीर्घकाळ सक्तीचे होते, पुण्या-नाशकात नव्हते. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या ज्या कलम २१३ मुळे ही सक्ती होती, ते संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. प्रोबेट घेण्याची मुभा मात्र कायम आहे. वारसांत वाद होण्याचा संभव असेल तर ते घेतलेले बरे.

न्यास केव्हा करावा

मृत्युपत्राने मिळकत एकदाच हातात पडते आणि तिथे त्याचे काम संपते. काही घरांत एवढ्याने भागत नाही. आयुष्यभर सांभाळ लागणारा बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा, दहा वर्षांची अनाथ होऊ शकणारी नात, व्यसनाच्या आहारी गेलेला भाऊ, यांच्या हाती एकरकमी मालमत्ता देणे म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देणे होय. येथे न्यास उपयोगी पडतो. न्यासात मालकी आणि लाभ यांची फारकत केली जाते: मिळकत विश्वस्ताच्या नावे राहते, पण तिचा उपभोग लाभार्थ्याचा असतो.

खासगी न्यासाला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. न्यास निर्माण करण्याचा हेतू, त्याचे उद्दिष्ट, लाभार्थी आणि न्यासाची मिळकत या चार गोष्टी निश्चित असल्या पाहिजेत. 'माझ्या भावाने मुलांकडे लक्ष द्यावे अशी अपेक्षा' असे लिहिल्याने न्यास होत नाही, कारण अपेक्षा बंधनकारक नसते. हयातीत न्यास करायचा आणि त्यात स्थावर मिळकत घालायची असेल, तर सही केलेला नोंदणीकृत न्यासपत्राचा दस्त लागतो, आणि मुद्रांक शुल्काचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. मृत्युपत्रातूनही न्यास निर्माण करता येतो. तो मृत्यूनंतर अस्तित्वात येतो, तोवर बदलता येतो, आणि मध्यम उत्पन्नाच्या बहुतेक कुटुंबांना तोच मार्ग परवडतो.

विश्वस्ताची कर्तव्ये कायद्याने कडक ठेवली आहेत. सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या मिळकतीची घ्यावी तेवढी काळजी त्याने घेतली पाहिजे, हिशेब ठेवले पाहिजेत आणि लाभार्थ्यांत डावे-उजवे करता कामा नये. न्यासाची मिळकत विकण्याचे काम ज्याच्याकडे आहे, तो विश्वस्त ती स्वतः विकत घेऊ शकत नाही. न्यासातून तो स्वतःचा फायदा करून घेऊ शकत नाही, आणि न्यासपत्रात तरतूद नसेल तर सामान्यतः मेहनतान्यावरही त्याचा हक्क नसतो. म्हणूनच दीर्घकाळ चालणाऱ्या न्यासात वाजवी मेहनतान्याची तरतूद करावी, असे माझे मत आहे. वीस वर्षे फुकट काम करण्याची अपेक्षा ठेवली तर काम मागे पडते, आणि ज्याच्यासाठी न्यास केला त्यालाच ते भोवते. दोन किंवा तीन विश्वस्त असावेत, त्यांत किमान एक लाभार्थ्याच्या पिढीचा असावा, आणि जागा रिकामी झाल्यास नवा विश्वस्त कोण नेमेल हे लिहिलेले असावे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या पालकांनी आणखी एक गोष्ट करायची आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. न्यास पैशांची सोय करतो आणि पालक त्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेतो. आईवडील हयात असतानाच दोन्ही व्यवस्था लावलेल्या बऱ्या.

खासगी न्यास अनंतकाळ चालवता येत नाही. शाळा, रुग्णालय, देवस्थान अशा सार्वजनिक कार्यासाठीचा न्यास मात्र कायमचा असू शकतो. महाराष्ट्रात त्याची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात होते, आणि त्याची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नाही.

वारसांनी काय करावे

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या पुरेशा प्रती घ्याव्यात. मग मृत्युपत्र शोधावे. बँकेची तिजोरी, वकील आणि दुय्यम निबंधक कार्यालय ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. मृत्युपत्र नसेल आणि ठेवी, समभाग किंवा येणी वसूल करायची असतील, तर दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. ते जंगम येण्यांपुरते असते, जमिनीला चालत नाही. वारस म्हणून ओळख पटवण्यासाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमानुसार न्यायालयातून वारस दाखला मिळतो. शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, आणि त्या अर्जात सर्व वारसांची, म्हणजे बहिणींचीही, नावे लिहावीत. सध्या भारतात वारसा कर नाही, मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाला आहे.

हक्कसोडपत्राबद्दल थोडे सविस्तर. वडिलांचे दिवस संपता संपता बहिणींपुढे हा कागद ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे, पण त्यापूर्वी तिला तीन गोष्टी समजल्या पाहिजेत: मिळकती कोणकोणत्या, तिचा हिस्सा किती, आणि सही झाल्यावर तो सहजासहजी परत मिळत नाही. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. केवळ तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने मालकी जात नाही. वडील हयात असताना, त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पुढे मिळू शकणारा वारसा सोडल्याचा कागद लिहून घेतला असेल, तर सामान्यतः त्याला कायद्यात आधार नाही, कारण त्या वेळी तिच्यापाशी सोडण्याजोगा हक्कच नसतो. कोणी असा कागद पुढे केला तर बहिणीने तो घरी न्यावा, तिच्या स्वतःच्या वकिलाला दाखवावा, आणि भावाने तेवढा वेळ तिला द्यावा.